घरच्या बिस्किटांची देवघेव

दिवाळीच्या दिवसांत शेजारच्या घरून विणलेल्या रुमालानें झाकलेलें फराळाचें ताट आलें नाहीं, असें महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत क्वचितच घडलें असेल. ताट आणणारी बहुधा परकर सांवरीत येणारी एखादी लहान मुलगी असे. "आईनं दिलंय" एवढें बोलून ती उंबऱ्यांतच उभी राही. तें ताट रिकामें परत पाठवूं नये हा दंडक असल्यामुळें घरांतील वडील बाई कांहीं नाहीं तर चिमूटभर साखर तरी त्यांत घालून तें परत देई. त्या चिमूटभर साखरेंत एक मोठें तत्त्व सांठविलेलें होतें. घेणाऱ्यानें नुसतें घेणारें राहूं नये, हें तें तत्त्व.

परंतु या सुंदर चालीला काळांतरानें एक वैगुण्य चिकटलें. शेजारच्या सात घरांतून सात ताटें येतात आणि सातहि ताटांत तीच चकली, तीच शेव, तेच शंकरपाळे आणि तोच रव्याचा लाडू असतो. आपल्याहि घरीं तेंच सर्व केलेलें असल्यामुळें आलेल्या ताटांतील पदार्थ कोठें ठेवावे, हाच गृहिणीपुढें प्रश्न पडतो. पूर्वीं एकत्र कुटुंबांत चार जावा, माहेरीं आलेली एखादी नणंद आणि वडीलधाऱ्या आत्याबाई अशा सहाजणी पोळपाटाभोंवतीं बसत. एकीनें लाटावें, दुसरीनें सारण भरावें, तिसरीनें तळावें, अशी कामाची वांटणी आपोआप होई, आणि बोलतां बोलतां डबे भरत. पुढें कुटुंबें विभागलीं. पदार्थांची यादी मात्र विभागली गेली नाहीं. जें काम सहाजणी मिळून करीत, तें आज पुष्कळ घरांत एकटी सून कचेरींतून आल्यावर रात्रीं अकरा-अकरा वाजेपर्यंत करीत असते. ज्या घरांत अजून दोन पिढ्या एकत्र नांदतात, तेथेंहि काम करणारे हात पूर्वीइतके राहिलेले नाहींत.

या अडचणीवर एक तोड आम्हां कांहीं मैत्रिणींना सांपडली. तिची कल्पना मूळची आमची नव्हे. अमेरिकेंत नाताळापूर्वीं, डिसेंबर महिन्यांत, अशी एक चाल आहे. मैत्रिणी एका घरीं जमतात. प्रत्येकीनें आपल्या घरीं एकाच प्रकारचीं बिस्किटें भाजून आणावयाचीं. जितक्या जणी येणार तितक्यांना पुरतील इतकीं तीं करावयाचीं, आणि थोडीं तेथें बसून चाखण्यासाठीं वेगळीं आणावयाचीं. सर्वांचीं ताटें एका मोठ्या मेजावर मांडलीं, कीं प्रत्येकीनें रिकामा डबा हातीं घेऊन मेजाभोंवतीं फिरावें आणि प्रत्येक ताटांतून आपला वांटा उचलावा. येतांना एक प्रकार आणणारी बाई जातांना आठ-दहा प्रकार घेऊन जाते. पदार्थ कसा केला, हें कागदावर लिहून देण्याचीहि पद्धत आहे.

अशा बिस्किटांना तिकडे 'कुकी' म्हणतात. हा शब्द इंग्रजांचा नसून डच लोकांचा आहे. डच भाषेंत 'कूक' म्हणजे केक आणि त्याचें लघुरूप तें 'कूक्ये'. आज जेथें न्यूयॉर्क शहर आहे, तेथें १६६४ पर्यंत डचांची वसाहत होती. त्या वसाहतवाल्यांबरोबर हा शब्द अमेरिकेंत रुजला. अमेलिया सिमन्स या बाईंनीं १७९६ सालीं पाकशास्त्रावर लिहिलेलें पुस्तक हें अमेरिकन लेखणींतून उतरलेलें त्या विषयावरील पहिलें पुस्तक मानतात. त्यांतहि कुकीची कृति आहे.

येथें एक मौजेची गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या नानकटाईचा जन्महि डचांच्याच हाताखालीं झाला, असें सांगतात. सतराव्या शतकांत सुरतेला डचांची वखार होती. तेथील लोकांसाठीं पाव भाजणारी एक भट्टी पुढें एका पारशी गृहस्थाकडे आली, आणि त्या भट्टींतून निघालेल्या सुक्या, खुसखुशीत बिस्किटाला आपल्याकडील तुपाची व वेलदोड्याची जोड मिळून नानकटाई तयार झाली, अशी सुरतेकडील परंपरागत हकीकत आहे. म्हणजे समुद्राच्या एका टोंकाला कुकी आणि दुसऱ्या टोंकाला नानकटाई, या एका अर्थीं मावसबहिणीच म्हणावयाच्या! ताटांच्या देवघेवीचें म्हणाल, तर त्यासाठीं अमेरिकेपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून नाताळांत नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल यांचीं ताटें शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात. त्यांची नेवरी ती आपली करंजीच. अमेरिकेच्या चालींत नवें आहे तें एवढेंच, कीं प्रत्येकीनें एकच पदार्थ करावयाचा आणि तो सर्वांसाठीं करावयाचा.

तीन वर्षांपूर्वीं वसुबारसेच्या आधींच्या रविवारीं आम्ही आठजणी प्रथम आमच्या घरीं जमलों. त्याच्या आधीं पंधरा दिवस कोणीं काय करावें हें ठरवून घेतलें होतें. ही पहिली सावधगिरी. नाहीं तर आठहि जणी नानकटाईच घेऊन यावयाच्या! नानकटाई माझ्याकडे आली. इतर सातजणींनीं नाचणीचीं, नारळाचीं, तिळाचीं, ओव्याचीं, जिऱ्याचीं खारीं, बेसनाचीं आणि गूळ घालून गव्हाच्या पिठाचीं अशीं बिस्किटें वांटून घेतलीं.

हिशेब सोपा होता. प्रत्येकीच्या डब्यांत प्रत्येक प्रकाराचीं सहा बिस्किटें जावयाचीं. म्हणजे आठ डब्यांना अठ्ठेचाळीस, आणि चहाबरोबर चाखावयास बारा, मिळून साठ. इतकीं बिस्किटें करणें हें एका दुपारचें काम आहे. आठ घरांत प्रत्येकीं आठ प्रकार करावयाचे तर चौसष्ट वेळां परात पुढ्यांत घ्यावी लागती. आतां ती आठ वेळांच घ्यावी लागली. घाणा मोठा झाला हें खरें. परंतु मोठ्या घाण्याचे श्रम त्याच्या आकाराच्या प्रमाणांत वाढत नाहींत, हें स्वयंपाक करणाऱ्या कोणत्याहि बाईला सांगावयास नको.

एवढा चोख हिशेब करणारी मी, पण माझीच फजिती झाली. ऑक्टोबरचा उन्हाळा ऐन भरांत होता. बरणींतील तूप पातळ झालें होतें, तें मीं तसेंच घेतलें. थाळींत गोल गोल मांडलेली नानकटाई भट्टींत जातांच पसरली, एकमेकींना चिकटली आणि तिची एक अखंड दशमी होऊन बाहेर आली. संध्याकाळचे पांच वाजले होते. मैत्रिणी दुसऱ्या दिवशीं सकाळीं यावयाच्या होत्या. पुन्हां करण्याइतकें तूप घरांत नव्हतें.

सासूबाई माजघरांत वाती वळीत बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालें, "आई, कोपऱ्यावरच्या बेकरींतून पांच डझन आणवतें. कोणाला कळणार आहे?"

त्यांनीं हातांतली वात पुरी केली आणि मग म्हणाल्या, "कळणार कोणालाच नाहीं. पण विकतचीं पुढें करशील, तर त्यांच्या हातचीं घ्यायला तुझा हात पुढें कसा होईल?"

मग मीं ती दशमी गरम आहे तोंच सुरीनें चौकोनी कापली आणि दुसऱ्या दिवशीं मेजावर मांडली. शेजारीं कागदावर 'पसरलेली नानकटाई' असें लिहून ठेवलें. मैत्रिणी हंसल्या, आणि मग एकीमागून एक आपापल्या फजित्या सांगूं लागल्या. शाळेंत शास्त्र शिकविणाऱ्या एकीनें मला माझ्या चुकीचें कारण उलगडून सांगितलें. तें इतकें उपयोगी आहे, कीं येथें सविस्तर देतें.

नानकटाईचा सर्व जीव तुपांत आहे. थिजलेलें, रवाळ तूप साखरेबरोबर फेसलें, म्हणजे त्यांत हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात. भट्टींत हेच बुडबुडे फुगतात आणि नानकटाई हलकी होते. पातळ तुपांत हवा टिकत नाहीं. शिवाय पिठाला घट्टपणा येण्यापूर्वींच तें वाहूं लागतें आणि गोळा पसरतो. तुपाचें दुसरें काम पिठाचा चिवटपणा मोडण्याचें. मैद्याला पाणी लागून तो मळला गेला, कीं त्यांत पोळीला हवा तसा ताण उत्पन्न होतो. पिठाच्या कणाकणाला तुपाचें आवरण बसलें, म्हणजे हा ताण उत्पन्न होत नाहीं आणि पदार्थ खुसखुशीत राहतो. म्हणून नानकटाईचें पीठ मळूं नये. हलक्या हातानें नुसतें एकत्र करावें. यालाच आपण मोहन म्हणतों आणि करंजीच्या पारीलाहि घालतों. कारण मात्र पुष्कळींना ठाऊक नसतें.

सुमारें चोवीस नगांचें प्रमाण असें : मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, थिजलेलें तूप ११० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, सोडा एक चिमूट, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा आणि किंचित् मीठ. साठ नगांसाठीं सर्व वस्तु अडीचपट घ्याव्या. तूप आणि साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसावीं. पिठें चाळून त्यांत मिसळावीं. गोळा झांकून अर्धा तास थंड जागीं ठेवावा. उन्हाळ्याचे दिवस असतील तर तो शीतकपाटांत ठेवावा. मग लहान गोळे करून, किंचित् दाबून, दोन गोळ्यांत दोन बोटें अंतर राहील असे थाळींत मांडावे. भट्टी आधीं तापवून १६० अंश सेल्सिअसवर अठरा ते वीस मिनिटें भाजावें. कडा किंचित् बदामी झाल्या, कीं थाळी बाहेर काढावी. त्या वेळीं नानकटाई मऊ लागते, म्हणून कच्ची राहिली असें समजून पुन्हां आंत ढकलूं नये. गार होतांच ती आपोआप कडक होते.

घरांत विजेची भट्टी नसली तरी अडत नाहीं. जाड बुडाच्या कढईंत मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा जाड थर पसरावा, त्यावर तिवई ठेवावी, झांकण घालून मंद आंचेवर दहा मिनिटें तापवावी आणि थाळी आंत ठेवून वीस-पंचवीस मिनिटें भाजावें. आमच्या लहानपणीं तर घरचा रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरींत जावयाचें आणि आपल्यासमोर घाणा भाजवून घ्यावयाचा, अशी चाल होती. भट्टीच्या दाराशीं बसून आपल्या घरच्या थाळ्यांची वाट पाहण्यांत दुपार निघून जाई, आणि पत्र्याचा गरम डबा कडेवर घेऊन घरीं येण्याचा मान मिळविण्यासाठीं भावंडांत भांडणें होत.

डबे भरतांना तीन गोष्टी अवश्य पाळाव्या. पदार्थ पुरता गार झाल्याशिवाय झांकण लावूं नये. नाहीं तर वाफेचें पाणी होऊन सर्व डबा मऊ पडतो. मऊ आणि कुरकुरीत पदार्थ एका डब्यांत ठेवूं नयेत. नारळाच्या मऊ बिस्किटांतील ओल खाऱ्या बिस्किटांत शिरते, आणि रात्रींतून दोन्ही बिघडतात. तिसरी गोष्ट अशी, कीं पदार्थांत काय काय घातलें आहे तें कागदावर लिहून सोबत द्यावें. कोणाच्या घरीं अंडें चालतें, कोणाच्या घरीं चालत नाहीं. कोणाला साखर वर्ज्य असते. शेंगदाणा तर कांहींच्या प्रकृतीला इतका सोसत नाहीं, कीं प्रसंगीं जिवावर बेततें. मैत्रिणीनें संकोचामुळें न विचारतां खावें, अशी वेळ यजमानीण बाईनें येऊं देऊं नये.

कृति लिहून देण्याच्या नियमानें आमच्या घरीं आणखी एक लाभ झाला. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' १९७० सालीं निघालें, तेव्हांपासून वाटी-चमच्याचें माप घराघरांत रूढ झालें; पण सासूबाईंचें सगळें प्रमाण त्यांच्या हातांतच राहिलें होतें. दुसऱ्या वर्षीं नानकटाईसाठीं बेसन किती, असें मीं विचारलें, तेव्हां त्यांनीं "मूठभर" म्हणून सांगितलें. माझ्या मुठीनें नानकटाई नीट साधेना. शेवटीं त्यांची मूठ मीं कांट्यावर तोलली. ती तीस ग्रॅमांची भरली. माझी बावीसच भरली. वर जें प्रमाण दिलें आहे, तें त्यांच्या मुठीचें आहे. तें माप मला विचारावेंसें वाटलें, तें केवळ मैत्रिणींना लिहून द्यावयाचें होतें म्हणून. एरव्हीं तें त्यांच्याजवळच राहिलें असतें.

आतां मला एक कमीपणाची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण ती न सांगतां या चालीची नुसती भलावण केली, तर तें अर्धवट होईल. दुसऱ्या वर्षीं आमच्या मंडळींत नकळत चढाओढ शिरली. एकीनें केशर आणि पिस्ते घातले. दुसरीनें बदामाची पूड वापरली. तिसरीनें सोनेरी फितीच्या पेट्या आणल्या. मीहि निराळी नव्हतें. यजमानीण म्हणून नवा कशिदा काढलेला मेजपोस अंथरून बसलें होतें. नाचणीचीं बिस्किटें करणारी आमची मैत्रीण त्या दिवशीं फार बोलली नाहीं. तिचीं बिस्किटें जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत, पण नीट मोजून बांधलेलीं होतीं. तिसऱ्या वर्षीं निमंत्रण गेलें, तेव्हां तिनें घरीं पाहुणे असल्याचें कळविलें.

पाहुणे नव्हते. मी तिच्याकडे गेलें, तेव्हां तिनें चहा केला, आणि मीं विषय काढल्यावर शांतपणें म्हणाली, "मला तुमचा राग नाहीं आला. पण मी सहा नाचणीचीं देऊन सहा पिस्त्याचीं घेतलीं, तेव्हां मला देवघेव केल्यासारखं वाटलं नाहीं. घेतल्यासारखं वाटलं." तिच्या पतीची नोकरी त्या वर्षीं सुटली होती, हें आम्हां सातजणींपैकीं एकीलाहि ठाऊक नव्हतें. दोन तास एकत्र बसून आम्हीं फिती आणि पेट्या पाहिल्या होत्या. तिच्याकडे पाहिलें नव्हतें.

त्या संध्याकाळीं मला ती चिमूटभर साखर आठवली. रिकामें ताट परत न देण्याची रीत ज्या कोणीं घातली, त्यांना मनुष्याचें मन चांगलें कळलें होतें. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ती रीत मोडून आम्हीं तिच्या ठिकाणीं बरोबरीची नवी रीत बसविली खरी, पण बरोबरी केवळ संख्येची ठेवली होती. सहाला सहा दिलीं म्हणजे देवघेव सारखी होत नाहीं. ती सारखी झाली कीं नाहीं, हें जिच्याजवळ सर्वांत कमी आहे तिनें ठरवावयाचें असतें.

मग आम्हीं नियम बदलले. रोजच्या स्वयंपाकघरांत जें असतें तेवढेंच वापरावयाचें. सुका मेवा व केशर बंद. पेट्या व फिती बंद. प्रत्येकीनें आपल्याच घरचा पत्र्याचा डबा आणावा आणि त्यांतच आपला वांटा न्यावा. ज्या घरीं त्या वर्षीं दुखणें किंवा दुसरी कांहीं अडचण असेल, त्या घरच्या बाईनें हात हलवीत यावें, आणि तिचा वांटा इतर सातजणींनीं दहा-दहा बिस्किटें वाढवून भरून काढावा. हा शेवटचा नियम लिहून ठेवलेला आहे, म्हणजे कोणाला तो मागावा लागत नाहीं. नियम कळविल्यावर नाचणीचीं बिस्किटें त्या वर्षीं आलीं. हात हलवीत येण्याची सवलत तिनें घेतली नाहीं; ती साठच्या साठ मोजून घेऊन आली.

वडीलधाऱ्या मंडळींचा एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो योग्यहि आहे. आमच्या आत्याबाईंनीं पहिल्याच वर्षीं विचारलें, "मग लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याचं काय? दुसऱ्याच्या घरचं दाखवणार?" त्यावर आम्हीं असें ठरविलें आहे, कीं नैवेद्याचे लाडू आणि करंज्या ज्या त्या घरीं, त्या घरच्या रीतीप्रमाणें कराव्या. तेवढ्याला एक सकाळ पुरते आणि हातहि मोडत नाहींत. देवघेव राहिलेल्या फराळासाठीं आहे. हीच पद्धत चकली, शेव, चिवडा यांनाहि लावतां येईल. चार घरें असलीं तरी चालतील. दहाच्या वर मात्र नेऊं नयेत, कारण मग घाणा मोठा होतो आणि बोलणें कमी होतें. घरांतील पुरुषमंडळींनीं आणि मुलांनीं पिठें चाळणें, नग मोजणें, चिठ्ठ्या लिहिणें हें काम आपणहून उचललें, तर कोणाचाहि आक्षेप असणार नाहीं. आमच्या घरीं नग मोजण्याचें काम धाकटे भावजी करतात. मोजतांना एक-दोन कमी भरतात, तेवढे आम्ही हिशेबांत धरूनच करतों.

यंदाचा दिवस ठरला आहे. घर तिचें, नाचणीवालीचें. ताटें मांडण्यास तिच्याकडे मोठें मेज नाहीं. सतरंजीवर पाट मांडून बसूं असें तिनें कळविलें आहे. सासूबाईंनीं माळ्यावरून त्यांच्या वेळचा, झांकणाला पोंचा पडलेला पितळी डबा काढून मला घांसून ठेवण्यास सांगितला आहे. त्यांना यंदा स्वतः यावयाचें आहे.